चांगला पाईप घ्यायचा का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

तंबाखूच्या पाईपबद्दल आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत. लांबलेली पत्रं थोडी कापली आहेत. उत्तरांत वारंवार येणारे शब्द आधी ठरवून घेऊ. तंबाखू भरतात ती वाटी. वाटीला जोडूनच कोरलेला लाकडी भाग म्हणजे दांडा. दांड्यात बसते आणि दातांत धरतात ती नळी. नळीचं जे टोक दांड्यात जातं ते टेनन. वाटीच्या तळाशी उघडतं ते धुराचं भोक. ब्रायर म्हणजे एका झुडपाच्या मुळाशी धरणाऱ्या गाठीचं लाकूड, आणि त्याच्या पाईपलाही ब्रायरच म्हणतात.

प्रश्न : वय ४१. सिगारेट ओढत नाही. मित्राकडे महिन्यातून एखाद्या वेळी पाईप ओढतो आणि तो आवडतो. आता स्वतःचा घ्यावा असं मनात आहे. एका दुकानात १८ हजारांचा इटालियन ब्रायर पाहून ठेवलाय. ऑनलाइन शिसमाचा पाईप ६०० रुपयांत मिळतो. दोन्हींत नेमका फरक काय? १८ हजार घालण्यात अर्थ आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आधी तब्येतीचं, कारण त्याचा किमतीशी काही संबंध नाही. पाईपचा धूर छातीत न घेता तोंडात फिरवून सोडतात, म्हणून तो निरुपद्रवी असतो असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. ओठ, तोंड, घसा, अन्ननलिका, फुप्फुस यांच्या कर्करोगाचा धोका पाईप ओढणाऱ्यांतही वाढतो. पाईपचा धूर सहसा सिगारेटच्या धुरापेक्षा जास्त अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात उतरतं. महागडा पाईप यातलं काहीही कमी करत नाही. शिवाय स्वतःचा पाईप घरात आला की महिन्यातून एकदाचं आठवड्यातून एकदा व्हायला फार वेळ लागत नाही, हेही धरून चाला. एवढं सगळं माहीत असूनही हौस उरत असेल तर पुढचा हिशेब बघा.

मध्यम वाटीत २ ते ३ ग्रॅम तंबाखू बसते. म्हणजे ५० ग्रॅमच्या डब्यातून साधारण वीस वाट्या निघतात. महिन्याला एक या चालीने तुमचा एक डबा दीड-दोन वर्षं पुरेल, आणि उघडलेला डबा त्याच्या कितीतरी आधी वाळून कडकडीत होईल. ब्रायरचंही तसंच. पहिल्या वीस-तीस वाट्यांत आतल्या भिंतीवर कार्बनचा पातळ थर धरतो. तो धरला की लाकडाची चव मागे पडते, आणि धूर गार आणि एकसारखा लागू लागतो. वर्षाला बारा वाट्या ओढणारा तिथवर पोचायला दोन वर्षं घेणार. तोवर १८ हजारांचा पाईप आणि त्याच्या निम्म्या किमतीचा पाईप यांतला फरक जिभेला कळणार नाही. म्हणून आमचं मत: आज ब्रायर घेऊ नका.

६०० रुपयांचा शिसमही घेऊ नका. असे बहुतेक पाईप शोभेची वस्तू म्हणूनच बनवलेले असतात. शिसम मजबूत लाकूड आहे, कोरीवकामाला उत्तम आहे, पण त्यात नैसर्गिक तेलं असतात आणि तापलं की ती धुरात उतरतात. त्याहून वाईट म्हणजे वॉर्निश. ते बाहेर तर असतंच, पुष्कळदा वाटीच्या आतही फिरवलेलं असतं. धुराचं भोक तळापासून तीन-चार मिलिमीटर वर पडलेलं असतं, त्यामुळे खालची तंबाखू कधीच जळत नाही, नुसती भिजत राहते.

ब्रायर वापरतात त्याला कारण आहे. भूमध्य समुद्राकाठी एरिका आर्बोरिया नावाचं झुडूप वाढतं. त्याच्या मुळाशी, जमिनीलगत, गाठीसारखा कंद धरतो आणि तो पाईपजोगा व्हायला काही दशकं जातात. इटलीतला कॅलाब्रिया आणि टस्कनी, फ्रान्सचं कॉर्सिका बेट, ग्रीस, अल्जीरिया इथून तो येतो. खणून काढलेले ठोकळे आधी कित्येक तास पाण्यात उकळतात, म्हणजे त्यातला कडू रस निघून जातो, आणि मग महिनोन्‌महिने सावलीत वाळवतात. हे लाकूड घट्ट असूनही हलकं असतं, ओल शोषतं आणि सहजासहजी पेटत नाही. फ्रान्सच्या जुरा डोंगरातल्या साँ-क्लोद गावात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ब्रायरचे पाईप बनू लागले. त्याआधी युरोपात माती, चिनी माती आणि मीरशॉम नावाचं सच्छिद्र खनिज यांचं राज्य होतं.

तुम्ही घ्यावा तो मक्याच्या बुरकुंडाचा पाईप. अमेरिकेत मिझुरी राज्यात वॉशिंग्टन नावाच्या छोट्या गावी मिझुरी मीरशॉम ही कंपनी १८६९ पासून हेच बनवते आहे. नावात मीरशॉम असलं तरी पाईप मक्याचाच असतो. तिकडे साधा पाईप दहा-पंधरा डॉलरला मिळतो. इकडे आयात आणि करामुळे महाग पडतो, तरी ब्रायरच्या मानाने किरकोळच. पहिल्या वाटीपासून तो नीट ओढला जातो, थर धरण्याची वाट पाहावी लागत नाही, ओलही चांगली शोषतो. काही मॉडेलांत लाकडी दांड्याचं टोक वाटीच्या आत पुढे आलेलं असतं. पहिल्या चार-पाच वेळा ते जळकट वास देतं आणि मग काळं पडून शांत होतं.

बुरकुंडाचा पाईप, पाईप क्लीनरचं, म्हणजे नळी आतून पुसायच्या लवचिक केसाळ तारांचं, एक पाकीट, राख दाबायला एक टॅम्पर आणि ५० ग्रॅम तंबाखू एवढ्यावर सुरुवात होते. तंबाखू घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत काढून ठेवा. लोणच्याची बरणी मात्र कितीही धुतली तरी नको. डबा संपला आणि पुन्हा आणावासा वाटला, तर ब्रायरचा विचार करा. अर्धा डबा तसाच राहिला तर १८ हजार वाचले.

प्रश्न : मी बारा वर्षांपासून रोज एक वाटी ओढतो. दोन स्वस्त पाईप आहेत, दोन्ही आंबट लागू लागलेत. आता एक उत्तम घ्यायचाय. दुकानदार ब्रँडचं नाव आणि लाकडाच्या रेषा दाखवतो, बाकी काही सांगत नाही. घेताना नक्की काय बघू?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : रेषा सगळ्यात शेवटी बघा. सरळ उभ्या रेषा किंवा बारीक डोळे दिसणारं लाकूड दुर्मीळ म्हणून महाग असतं; धुराच्या चवीशी त्याचा संबंध नाही. किंमत चार गोष्टींची असते: वाळवलेलं निर्दोष लाकूड, अचूक छिद्रं, हाताने घासून बसवलेली नळी आणि दिसणं. परदेशी बाजारात साधारण १०० ते १५० डॉलरपर्यंत तुम्ही पहिल्या तीन गोष्टींचे पैसे देता. त्याच्यावर जाल तसतसा दिसण्याचा आणि नावाचा वाटा वाढतो. साव्हिनेली, पीटरसन, शाकॉम यांचे साधे पाईप याच पट्ट्यात येतात. डनहिलचा नवा पाईप त्याच्या कित्येक पटींनी महाग असतो. तो पाईप वाईट नाही, पण पाचपट पैसे दिले म्हणून धूर पाचपट चांगला लागत नाही.

दुकानात जाताना खिशात एक पाईप क्लीनर, एक आगकाडी आणि लहान टॉर्च न्या.

नळी न काढता क्लीनर तोंडाकडून आत घाला. तो न अडता वाटीच्या तळाशी बाहेर यायला हवा. वाकडा पाईप असेल तर ही परीक्षा जास्तच महत्त्वाची, कारण वाकड्या पाईपात दोन छिद्रं कोनात भेटतात आणि तिथेच चूक होते. अडणारा क्लीनर ओढताना दर वेळी त्रास देणार: मध्येच ओल साचली की ती काढायला तोच एक उपाय असतो.

मग टॉर्च वाटीत मारा. धुराचं भोक तळाला अगदी टेकून आणि मध्यावर हवं. वर असेल तर शेवटची अर्धा-एक ग्रॅम तंबाखू कायम ओली राहील. बाजूला सरकलेलं असेल तर तंबाखू एकाच अंगाने जळेल आणि ती भिंत जास्त तापेल.

आता नळी हलक्या हाताने पिळत काढा. टेननची लांबी आगकाडीवर नखाने मोजा, आणि तीच काडी दांड्याच्या खाचेत घालून खोली मोजा. दोन्ही जवळजवळ सारख्या हव्यात. टेनन दोन-तीन मिलिमीटर आखूड असेल तर मध्ये पोकळी राहते, गरम धूर तिथे थंड होतो, पाणी साचतं आणि पाईप गुडगुडतो. पुष्कळ महागड्या पाईपांतही हा दोष सापडतो. नळी परत बसवून जोडावर टॉर्च धरा. फटीतून उजेड दिसता कामा नये.

भिंतीची जाडी वरच्या काठावर दिसते, तळाची दिसत नाही. आगकाडी वाटीत उभी करून आतली खोली मोजा, मग तीच काडी बाहेरून लावून बघा. भिंत आणि तळ दोन्ही किमान ६ मिलिमीटर असावेत. वाटीचा आतला व्यास १८ ते २१ मिलिमीटर म्हणजे बहुतेक तंबाखूंना चालणारं माप. रिकामा पाईप ओढून बघा: हवा सहज यावी, शीळ वाजू नये. भोक साधारण ४ मिलिमीटरचं असलं की असंच होतं.

वजन ४५ ग्रॅमच्या आत असेल तर दातांत धरता येतो. ५५-६० ग्रॅमचा पाईप हातातच ठेवावा लागतो, हे आधी ठरवून घ्या. नळीच्या टोकाची जाडी ४ मिलिमीटरच्या आसपास असावी. ६ असेल तर दहा मिनिटांत जबडा दुखतो.

नळी कशाची, हा आवडीचा प्रश्न. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. ते दातांना मऊ लागतं, पण उन्हाने आणि थुंकीने हिरवट पिवळं पडतं. ॲक्रिलिक चकचकीत राहतं, पण दगडासारखं कडक. दात शिवशिवत असतील तर एबोनाइट घ्या.

गुळगुळीत पाईपावर लहान लालसर ठिपके दिसले तर लाकडातले खड्डे लुकण भरून झाकलेले आहेत. एखाददुसरा चालतो, किमतीत मात्र तो दिसला पाहिजे. वाळूचा मारा करून खडबडीत केलेला पाईप, म्हणजे सँडब्लास्ट, त्याच कारखान्याच्या गुळगुळीत पाईपपेक्षा स्वस्त असतो, हातात कमी गरम लागतो आणि छिद्रं तेवढीच नेमकी असतात. पैसा वाचवायची खरी जागा हीच. आरशासारखा लखलखता लॅकर मात्र टाळा. तापल्यावर त्याला फोड येतात.

आता तुमच्या आंबट पाईपांचं. रोजच्या रोज तोच पाईप ओढला की लाकडातली ओल सुकायला वेळ मिळत नाही. ब्रायरला दोन वाट्यांमध्ये किमान चोवीस तास द्यावेत, अठ्ठेचाळीस दिले तर उत्तम. म्हणजे तुमच्यासारख्याने सगळे पैसे एकाच पाईपात घालण्यापेक्षा तेवढ्यात मध्यम किमतीचे दोन घ्यावेत आणि जुने दोन साफ करून रांगेत ठेवावेत. साफ कसे करायचे ते पुढच्या उत्तरात आहे.

नवा पाईप पहिल्या पाच-सात वेळा अगदी सावकाश ओढा. आधी तिसरा हिस्सा भरा, मग निम्मी, मग पूर्ण, असा जुना सल्ला आहे. तो पाळलात तर नुकसान नाही, पण खरं महत्त्व वेगाला. थर धरायच्या आधी जोरात ओढलं तर भिंत जळून आतून खड्डा पडतो. लाकडात आत दडलेला दोष असेल तर तोही याच दिवसांत उघडा पडतो, म्हणून बिल जपून ठेवा आणि जळण्याची हमी किती महिन्यांची ते आधीच विचारा. पाईप गरम असताना नळी कधीही काढू नका. लाकूड फुगलेलं असतं, पिळलं की दांडा तडकतो.

प्रश्न : माझे वडील बोटीवर होते. त्यांचे दोन पाईप ट्रंकेत सापडले. एकावर ‘पीटरसन्स’ आणि ‘मेड इन द रिपब्लिक ऑफ आयर्लंड’ असं कोरलंय. दुसऱ्याच्या नळीवर पांढरा ठिपका आहे. दोन्ही आतून काळेकुट्ट, एकाची नळी हिरवट पडलीय. भाचा नवा पाईप घेणार होता. त्याला हेच साफ करून द्यावेत का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तडा गेलेला नसेल तर जरूर. भाचा नव्या पाईपाला जेवढे पैसे घालणार होता तेवढ्यात असे पाईप मिळणं अवघड आहे.

पीटरसन ही डब्लिनची कंपनी, १८६५ पासूनची. आयर्लंड प्रजासत्ताक झालं १९४९ मध्ये, तेव्हा तुमचा पाईप त्यानंतरचा. त्याची नळी नीट बघा. भोक टोकाच्या समोर नसून वरच्या बाजूला, टाळूकडे उघडत असेल तर ती पीटरसनची १८९८ ची पी-लिप नळी. धूर थेट जिभेवर आदळू नये म्हणून ती रचना केली होती. पांढरा ठिपका लंडनच्या डनहिलची खूण आहे. अल्फ्रेड डनहिल यांनी १९०७ साली ड्यूक स्ट्रीटवर दुकान काढलं. मात्र ठिपका दुसऱ्यांनीही वापरला आहे, त्यामुळे दांड्यावर डनहिलचं नाव आहे का ते भिंगाने बघा. नाव असेल तर ‘मेड इन इंग्लंड’ शेजारी एखादा बारीक आकडा सापडेल, त्यावरून बनल्याचं वर्ष काढता येतं. साफसफाईत या अक्षरांवर पॉलिश पेपर लागता कामा नये. अक्षरं पुसली की पाईपची निम्मी किंमत गेली.

नळी चिकटून बसली असेल तर जोर लावू नका. पाईप पिशवीत घालून अर्धा-एक तास फ्रीजरमध्ये ठेवा, बाहेर काढून लगेच सावकाश पिळा. नाही निघाली तर पुन्हा तेच.

आतला काळा थर पूर्ण खरवडायचा नाही; एक-दीड मिलिमीटर ठेवायचा. चाकूने वाटीचा आकार बिघडतो. बोटाएवढ्या जाड गोल काठीवर पॉलिश पेपर गुंडाळून फिरवत राहा. थर कमी झाला की टॉर्चने भिंतीत उभी चीर आहे का पाहा. नखात अडकणारी चीर असेल तर तो पाईप कपाटातच बरा.

मग वाटीत कापूस भरा. केमिस्टकडचं ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल ड्रॉपरने काठाच्या जरा खालपर्यंत सोडा. दांड्यात दुमडलेला क्लीनर घालून पाईप तिरपा ठेवा, रात्रभर. सकाळी कापूस तपकिरी झालेला दिसेल. कापूस पांढरा निघेपर्यंत हेच करा, साधारण दोन-तीन रात्री लागतात. पुष्कळ ठिकाणी कापसाऐवजी मीठ सांगतात. आम्ही सांगत नाही, कारण मीठ दांड्यात अडकून लाकूड तडकल्याच्या तक्रारी आहेत. रंगकामाचं डिनेचर्ड स्पिरिट तर मुळीच वापरू नका. त्यात विषारी मिथेनॉल असू शकतं. अल्कोहोल बाहेरच्या पॉलिशवर सांडलं तर रंग उतरतो, आणि ॲक्रिलिकची नळी असेल तर तिला बारीक तडे जातात. साफ झाल्यावर पाईप आठवडाभर उघडा वाळू द्या. रत्नागिरीत पावसाळा असेल तर दोन आठवडे.

हिरवट नळी एबोनाइटची आहे. गरम पाण्यात घालू नका, आणखी हिरवी होते. ८०० नंबरचा पॉलिश पेपर पाणी लावून, मग १२००, मग २००० असं घासा, शेवटी गाडीचं रबिंग कंपाउंड. पांढऱ्या ठिपक्यावर आधी चिकटपट्टी लावा.

प्रश्न : वीस वर्षं दिवसाला पंधरा सिगारेटी. डॉक्टरांनी बंद करायला सांगितलंय. मित्र म्हणतो पाईपवर ये, तो सौम्य असतो. चांगला घेतला तर सिगारेट सुटेल का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही. वीस वर्षं धूर छातीत घ्यायची सवय असलेला माणूस पाईपचाही धूर छातीत घेतो, आणि तो सिगारेटच्या धुरापेक्षा जास्त तीव्र असतो. डॉक्टरांनी तंबाखू सोडायला सांगितली आहे. पाईप ही तंबाखूच आहे. पाईपचे पैसे तसेच ठेवा आणि १८००-११-२३५६ या सरकारी मोफत क्रमांकावर बोला. निकोटिनचा च्युइंगम किंवा पट्टी घ्यायची असेल तर मात्रा डॉक्टरांनाच विचारा.

प्रश्न : सहा महिन्यांपूर्वी चांगला ब्रायर घेतला. मे महिन्यापर्यंत छान होता. जुलैपासून जीभ पोळते, पाईप गुडगुडतो आणि परवा वाटीत पांढरी बुरशी दिसली. पाईप खराब निघाला का?
— एक वाचक, दादर

उत्तर : पाईप ठीक असावा. मुंबईच्या पावसाळ्यात तंबाखू हवेतली ओल ओढून घेते. ओली तंबाखू विझत राहते, म्हणून माणूस जोरात ओढतो, वाफ तयार होते आणि ती वाफ जीभ पोळते. गुडगुडही त्याच पाण्याची.

चिमूटभर तंबाखू दाबून सोडा. गोळा होऊन तशीच राहिली तर ओली, तुटून भुगा झाला तर कोरडी, हळूहळू उलगडली तर बरोबर. एका वाटीपुरती तंबाखू कागदावर पसरून टेबललॅम्पखाली ठेवा. डिसेंबरात पंधरा मिनिटं पुरतात. जुलैत तासभर लागेल. पंख्याखाली ठेवलीत तर उडून सगळ्या घरभर होते.

भरताना तीन चिमटी: पहिली सैल सोडायची, दुसरी हलकी दाबायची, तिसरी जरा जास्त. ओढून बघा, बाटलीतून स्ट्रॉने पाणी ओढताना लागतो तेवढाच विरोध हवा. पहिल्यांदा पेटवल्यावर वरचे धागे फुगून उभे राहतात. टॅम्परने नुसत्या त्याच्या वजनाने ते खाली बसवा आणि पुन्हा पेटवा. त्यानंतर मिनिटाला दोन-तीन लहान झुरके. वाटी गालाला लावल्यावर चटका बसला तर वेग जास्त आहे. खाली ठेवा, विझू द्या. गुडगुड ऐकू आली की नळी न काढता क्लीनर आतपर्यंत घालून काढा. तरीही दर वेळी गुडगुडत असेल तर नागपूरच्या वाचकाला सांगितलेलं टेननचं माप घेऊन बघा.

बुरशीला वर सांगितलेली कापूस-अल्कोहोलची रीत, एक रात्र. नंतर थर थोडा घासून काढा. यापुढे ओढून झाल्यावर राख झटका, क्लीनर फिरवा, पाईप पूर्ण थंड झाला की नळी काढून पुसा आणि वाटी खाली करून उघड्यावर ठेवा. चामड्याच्या पाऊचमध्ये किंवा कपाटाच्या खणात कोंडलेल्या ओल्या पाईपला पावसाळ्यात आठवड्यात बुरशी धरते. नळी जुलैत घट्ट आणि फेब्रुवारीत सैल वाटेल. ते लाकूड हवेप्रमाणे फुगतं-आकसतं म्हणून. सैल झाली म्हणून टेननवर सेलोटेप गुंडाळू नका, पुढच्या पावसात दांडा फुटेल.

प्रश्न : दोन वर्षांपासून जर्मनीत आहे. इथे दुकानात जवळजवळ सगळे पाईप ९ मिलिमीटर फिल्टरचे. घ्यावा की फिल्टर नसलेला मागवावा?
— एक वाचक, श्टुटगार्ट

उत्तर : तिथे राहत असाल तर ९ मिलिमीटरचाच घ्या, फिल्टर कुठेही मिळतील. न्यूर्नबर्गची फाउएन ही १८४८ पासूनची कंपनी मुख्यतः असेच पाईप बनवते. कोळशाचा फिल्टर ओल आणि चव दोन्ही कमी करतो. मीरशॉमचे खडे भरलेला फिल्टर चव कमी मारतो. दर वाटीला नवा लागतो. त्याने तंबाखू सुरक्षित होत नाही.

भारतात परतायचं असेल तर मात्र विचार करा. इथे ते फिल्टर सहज मिळत नाहीत, आणि फिल्टरविना ओढलं तर त्या ९ मिलिमीटरच्या पोकळीत पाणी साचतं. पाईपबरोबर अडॅप्टर, म्हणजे पोकळीत बसणारी बारीक भोकाची नळी, मिळत असेल तरच घ्या. साव्हिनेलीच्या काही पाईपांत ६ मिलिमीटरची बाल्सा लाकडाची तिकोनी काडी असते. तीही संपते, पण तिच्याबरोबर अडॅप्टर बहुधा येतो.

प्रश्न : इस्तंबूलच्या सहलीत मीरशॉमचा कोरीव पाईप बघितला. गाइड म्हणाला अस्सल आहे. पुढच्या वेळी घ्यावा का? ओळखायचा कसा?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : मीरशॉम हे मॅग्नेशियमचं सच्छिद्र खनिज, खाणी तुर्कस्तानात एस्कीशेहिरजवळ. अख्ख्या ठोकळ्यातून कोरलेला पाईप महाग. कोरताना पडलेला भुगा डिंकात दाबून केलेला स्वस्त. दुसरा हाताला जड लागतो, एकसारखा पांढराफटक दिसतो आणि वर्षानुवर्षं ओढला तरी मधासारखा रंग धरत नाही. बाहेरून दोन्हींना मेण लावलेलं असतं म्हणून बाहेरून कळत नाही. वाटीच्या आत ओलं बोट टेकवा: अस्सल मीरशॉम ओल लगेच पितं आणि बोट किंचित धरून ठेवतं.

पहिलाच पाईप म्हणून हा नको. सिरॅमिकच्या फरशीवर एकदा पडला की संपला. याच्यात कार्बनचा थर धरू द्यायचा नाही. दर वेळी थंड झाल्यावर कागदाने पुसायचा, नाहीतर थर फुगून भिंत तडकते. अल्कोहोल चालत नाही. गरम असताना वाटीला हात लावला तर मेणावर बोटांचे डाग कायमचे राहतात. ठेवायला जागा आणि जपायला सवड असेल तर घ्या.

प्रश्न : आमच्या हौशी नाटकात बॅरिस्टरच्या तोंडात पाईप हवाय. विकत घ्यायचा कुठला? रंगमंचावर पेटवता येईल का?
— एक नाट्यसंस्था, सांगली

उत्तर : पेटवू नका. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यात धूम्रपानाच्या व्याख्येत पाईप नावानिशी आहे आणि २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी, नाट्यगृहातही, ते बंद आहे.

यासाठी चांगल्या ब्रायरची गरज नाही. इथे तो ६०० रुपयांचा शिसम कामाला येईल. वॉर्निश चकचकीत असेल तर बारीक पॉलिश पेपरने मारून टाका. वाकडा घ्या. त्याचं वजन हनुवटीकडे जातं, दातांत धरून वाक्य स्पष्ट येतं. नटाने पाईप नळीला धरू नये, वाटी तळहातात घ्यावी. टॅम्परने राख दाबणं, काडी ओढून थांबणं, क्लीनर घालणं या हालचाली तीन-चार जागी बसवल्या की धूर लागत नाही. भूमिका दोन नट आळीपाळीने करणार असतील तर नळ्या दोन घ्या, आणि घेतानाच दोन्ही त्या पाईपच्या दांड्यात बसवून बघा. एका पाईपची नळी दुसऱ्याला सहसा बसत नाही.